हत्याराला विसावा

अलर्टला मी कुकरच्या शिट्टीचा आवाज लावलाय, ही माझी अक्कल. तेव्हा वाटलं होतं, दुसऱ्या कशाने नाही पण शिट्टीने तरी मी नक्की दचकेन. आता सांगवीत आमच्या इमारतीत सकाळी मजल्यामजल्यावर डाळ शिजायला लागली की मी ब्रश तोंडात धरून फोनकडे धावते. शेजारीण विचारते, "तुला कुणाच्या फोनची एवढी वाट असते गं?" तिला काय सांगू, सर्व्हरच्या!

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी सर्व्हर सांभाळते. कंपनीची मेल, गप्पांचे आणि कामाचे ग्रुप, ड्रॉइंग ठेवायची सामाईक जागा, सगळं एका थंड खोलीतल्या लोखंडी कपाटातून चालतं. चालतंय तोवर मी कोण हे कुणाच्या गावीही नसतं. जरा अडलं की मात्र गेटपासून साहेबांच्या केबिनपर्यंत सगळ्यांना माझा नंबर तोंडपाठ.

नवीन कुणी रुजू झालं की पहिल्याच दिवशी मी त्याचं डोकं खाते. मेल बंद पडल्याची सूचना मेलनेच पाठवू नका रे बाबांनो, बेशुद्ध पडलेला माणूस स्वतः डॉक्टरला फोन करत नसतो. सूचना दुसऱ्या वाटेने यायला हवी, साध्या एसेमेसने का होईना. बारीकसारीक गोष्टीला शिट्टी लावली तर आठवड्याभरात सगळे कानात बोळे घालतात. डिस्क भरल्यावर बोंब मारून काय उपयोग, भरत आली की बोंब मारा. बॅकअप घेतला म्हणजे गंगेत घोडं न्हालं असं नाही, तो परत उघडून पाहिला का ते सांगा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, शांततेवर भरवसा ठेवू नका. सर्व्हरने थोड्या थोड्या वेळाने 'मी आहे' असा इशारा द्यायचा. इशारा आला नाही की शिट्टी. तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक, असं मानणाऱ्याने या धंद्यात पडू नये.

हे शहाणपण मी घरीही वापरते. आप्पा, म्हणजे माझे वडील, दिघीला एकटे राहतात. बार्शीकडून इकडे आले, भोसरीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर टर्नर म्हणून सगळी नोकरी केली. आई गेली, तरी माझ्याकडे यायला तयार नाहीत. एकदा मोरीत पाय घसरून पडले, दुपारपर्यंत तिथेच पडून होते आणि मला कळलं ते कितीतरी दिवसांनी, तेही खालच्या बिऱ्हाडाकडून. विचारलं तर म्हणे, "काय झालंय त्याला? बसलो व्हतो जरा." सांगायची पद्धतच नाही आमच्यात. मीही काही वेगळी नाही म्हणा.

तर आप्पांचा इशारा म्हणजे त्यांचं शुभ सकाळचं चित्र. गुलाबाची फुलं, उगवता सूर्य, खाली एखादं वाक्य, जे वाचून माझ्या अंगावर काटा येतो. रोज सकाळी न चुकता येतं. मी आवाज बंद करून ठेवलाय, उत्तर एकदाही दिलेलं नाही, पण दात घासण्याआधी ते चित्र उघडते. आलं, म्हणजे आप्पा उठलेत आणि चालतेफिरते आहेत. मग माझा दिवस सुरू होतो. हे त्यांना मी कधी बोलले नाही. बोलले असते तर म्हणाले असते, "म्हंजे मी मशीन हाय व्हय?"

गेल्या खंडेनवमीला चित्र आलं नाही.

म्हटलं, उशिरा उठले असतील. आंघोळ झाली, डबा भरला, तरी नाही. फोन लावला, बंद. स्कूटर काढली. प्रत्येक सिग्नलला फोन बघत चाकणपर्यंत गेले. चार्जिंग संपलं असेल, असं मनाला समजावत होते आणि मन काही ऐकत नव्हतं. खालच्या बिऱ्हाडाला फोन केला, तर ते दसऱ्याला गावी गेलेले. झालं! नेमके आजच.

कंपनीत पूजेची धांदल. खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रं धुऊनपुसून बंद ठेवतात, त्यांना हळदकुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात, पेढे वाटतात. मी साहेबांना सांगून दिघीला निघणार, पर्समध्ये किल्ली शोधतेय, तेवढ्यात शिट्टी वाजली. आवाज कसला हेही न कळता, आप्पा! म्हणून फोन काढला तर सर्व्हरची खोली तापल्याची सूचना.

धावत गेले. आत मेंटेनन्सचे सुपरवायझर उभे, ज्यांना सगळी कंपनी मामा म्हणते. कपाळाला टिळा, हातात उदबत्ती. कपाटाच्या समोरच्या जाळीवर, जिथून सर्व्हर गार हवा ओढतात नेमकं तिथेच, वरपासून खालपर्यंत झेंडूचे जाडजूड हार. आणि एसी बंद.

"मामा, एसी कुणी बंद केला?"

"मीच. वर्षभर राबतोय बिचारा. आज यंत्राला विसावा, मॅडम."

"अहो, विसावा काय! ही बंद नाहीत, चालू आहेत! आपल्याकडे खंडेनवमी आहे, परदेशातल्या गिऱ्हाइकाकडे नाही. त्यांच्या मेल येतायत. जळून कोळसा होईल सगळ्याचा!"

मी हार ओढून काढले, एसी चालू केला, मामांचा चेहरा पडला. इतक्या भक्तीने ओवलेले हार मी चिंध्यांसारखे बाजूला टाकले होते. पण मला त्या वेळी कुणाची भीडभाड ठेवायला जागाच नव्हती. तापमानाचा आकडा खाली येईना. कामातला माझा जोडीदारही गावी गेलेला. एका हातात फोन, त्यात आप्पांचा नंबर लावतेय, बंद. समोर तो लाल आकडा. पाय नुसते नाचत होते. शेवटी मला रडूच फुटलं.

मामांनी उदबत्ती खाली ठेवली. "काय झालं गं?"

"आप्पांचा फोन लागत नाही सकाळपासून."

"मग हितं काय करतीयस? जा. हा आकडा मी बघतो. वर गेला तर तुला फोन करतो, खाली आला तरी करतो. हलणार न्हाई मी हितनं."

निघाले. नाशिक रस्त्यावर मोशीला नेहमीप्रमाणे सगळं ठप्प. ट्रकना माळा, कडेला उद्याच्या दसऱ्यासाठी आपट्याच्या पानांचे ढीग, आणि माणसं अशी निवांत की मला त्यांचा राग यायला लागला. एका कंटेनरवाल्यावर मी अशी खेकसले की तो म्हणाला, "ताई, पुढं जायला मलाबी जागा न्हाई, तुला कुठनं देऊ?" भोसरीत वर्कशॉपांची शटर उघडी, आत लेथपुढे नारळ फुटत होते. मला दिसत होती फक्त मोरी. ओली फरशी आणि आप्पांचा पाय. देवा, एवढी एक वेळ निभाव, म्हणत होते. मध्येच मामांचा फोन आला. आकडा उतरला होता. मला त्याचं काहीच वाटलं नाही.

दिघीला जिना चढताना धाप लागली. दार सताड उघडं. आप्पा खुर्ची गॅलरीत टाकून रस्त्याकडे तोंड करून बसलेले. धडधाकट! मला पाहून ताडकन उठले.

"आप्पा! फोन कुठाय तुमचा?"

त्यांनी आत बोट दाखवलं. देवापुढे पाट मांडलेला. पाटावर त्यांची मापं घ्यायची जुनी व्हर्नियर, कानस, पान्हा, हातोडी. आणि मधोमध मोबाइल, बंद. काचेवर कुंकवाचं बोट, वर झेंडूचं फूल.

"फोन? पूजेला?"

"आता माझं दुसरं हत्यार कुठलं हाय? आज हत्याराला हात लावायचा नसतोय."

मग मात्र माझा तोल गेला. तोंडाला येईल ते बोलले. चाकणपासून जीव मुठीत धरून आलेय, काही झालं असतं तर, एक चित्र पाठवून मग बंद करता येत नव्हतं का, अक्कल गहाण ठेवलीय का. आप्पा मुकाट ऐकत होते. इतकं ऐकून घेणारा माणूस नव्हे तो. तेव्हा माझं लक्ष गेलं, ओट्यावर चहाचं भांडं कोरडंच होतं. दुपार व्हायला आली होती.

"चहा नाही घेतलात?"

"न्हाई घेतला."

"का?"

"फोटो पाठवला की त्याच्या खाली दोन निळ्या रेघा उमटत्यात," ते म्हणाले. "म्हंजे तू बघितलास. म्हंजे उठलीस, धड हायस. त्या रेघा दिसल्या की मग मी चहा ठेवतो. मागं गाडीवरनं पडलीस, हात मोडला, तर प्लॅस्टर निघाल्यावर सांगितलंस मला. तवापास्नं रोज पाठवतोय. मला काय ती फुलं आवडत्यात व्हय?"

मी पाटाकडे बघत राहिले.

"पहाटंच पूजा मांडली, फोन ठिवला आणि मग ध्यानात आलं," आप्पा म्हणाले. "पण एकदा ठिवल्यावर उद्यापतूर उचलायचं न्हाई. सकाळपास्नं त्या रस्त्याकडं बघत बसलोय."

मी पदराने डोळे पुसले आणि चहा ठेवायला आत गेले. पाणी उकळत होतं तेव्हा मागून त्यांचा आवाज आला.

"आज आता हितंच राहा. सांगवीला गेलीस, तर पोचलीस का न्हाई हे मला कळायचं कसं?"