चिठ्ठ्यांचा क्रम

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर धगधगती भट्टी, शेजारी कान तुटलेल्या कपांचा ढीग, आणि मधोमध माझे भावोजी, टोपी उलटी धरून त्यातल्या चिठ्ठ्या कालवत उभे. ताईच्या या नवऱ्याइतका सरळ माणूस मी नाटकातसुद्धा पाहिला नाही.

कपबशांच्या कारखान्यात ते दर्जा सांभाळत. भाजताना कपांचे कान गळत होते. आच कमी पडते की सुकवण? भावोजींनी दोन्ही गोष्टी आलटूनपालटून बदलत प्रयोग आखले. कोणता घाणा आधी लावायचा, हे मात्र चिठ्ठ्यांवर सोपवलं. मध्येच बाहेरचं काही बदललं, तर त्याचं वजन एकाच पारड्यात पडायला नको, एवढाच हेतू. कामगार विचारायचे, "मास्तर, आज कुणाची लॉटरी?" भावोजीही हसायचे.

वैतागला तो भट्टीवाला, त्यांचा डबा वाटून खाणारा जिवलग. सारखी आच चढवा, उतरवा; ही भट्टी आहे की घरची शेगडी, म्हणाला. आधी मंद आचेचे सगळे घाणे उरकू, मग कडक, असं गळ्यात पडून मागितलं. भावोजी विरघळले. चिठ्ठ्या केरात गेल्या.

कडक आचेत कान टिकले. टाळ्या झाल्या, सगळा कारखाना कडक आचेवर गेला. आणि थोड्याच दिवसांत कान पुन्हा गळू लागले. भावोजींनी खोदून खोदून विचारलं तेव्हा उलगडलं: कडक घाणे लागले नेमकी तेव्हाच वेगळ्या खाणीची माती आली होती. ती संपली, नेहमीची परत आली. गुण मातीचा, नाव आचेचं.

ते तडक साहेबांकडे गेले. चूक माझी, प्रयोग पुन्हा करू, म्हणाले. पण साहेब कडक आचेचं यश सांगून मालकांपुढे मिशीला पीळ देऊन बसलेले. त्यांनी ठरवलं, भट्टीवालाच आच राखत नाही. त्याला काढलं. त्याला परत घ्या, नाहीतर हा माझा राजीनामा, असं भावोजी अडून बसले. साहेबांनी राजीनामा तेवढा घेतला.

पुढे भावोजी अंथरुणाला खिळले, तेव्हा मी समजूत घालायला गेलो. म्हटलं, क्रम मोडायचा हट्ट त्याचाच होता ना, तुम्ही का स्वतःला जाळून घेता?

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"हट्ट त्याचा होता रे. पण नाही म्हणायचा पगार मला मिळत होता."