दोन गुडघ्यांची वाटणी

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या घरात पाणी कमी आणि औषधं उदंड होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, अहमदपूरजवळच्या तलावाच्या कामावर मजुरांची हजेरी घ्यायचे. दिवसभर खडकावर उभं राहून त्यांचे दोन्ही गुडघे टम्म सुजले.

आई म्हणाली, निर्गुडीचा पाला वाफवून बांधायचा. आत्या म्हणाली, रुईचं पान तेल लावून तव्यावर शेकायचं. आत्या ही अण्णांची थोरली बहीण. एकटी बाई, गावची विहीर आटली म्हणून आमच्याकडे आलेली. आल्यापासून तिने बोचकं सोडलं नव्हतं. अर्ध्या भाकरीवर "पोट भरलं" म्हणायची, आणि ते खोटं आहे हे आम्हा पोरींनाही कळायचं.

वाद काही मिटेना. शेवटी अण्णांनीच निवाडा केला, "डावा आक्काचा, उजवा तुझा. बघू कुणाचं औषध लागू पडतंय."

मग काय विचारता! रोज संध्याकाळी अण्णा पाय पसरून बसायचे आणि दोन्ही बाजूंनी चढाई व्हायची. आई सुतळीने सूज मोजायची. आत्याचा सुतळीवर भरवसा नव्हता, ती अंगठा रुतवून बघायची. अण्णा कळवळले की म्हणायची, "वरडला म्हंजी गुण येऊन राहिला." पाल्याच्या उग्र वासाने शेजारची मांजरही फिरकेना.

आठवडाभरात निकाल लागला. उजवा उतरला, डावा जिथल्या तिथे. आई खुशीत होती. आत्याने मात्र तवा बाजूला सारला. "माझ्या हाताला आता गुण न्हाई. उद्याच्या एसटीनं जाते," म्हणाली, आणि बोचक्याची गाठ आवळली. जाणार कुठे, तर त्या कोरड्या विहिरीकडे. मला रडूच आलं.

सकाळी अण्णा उजव्या पायाने लंगडत बाहेर आले. "आक्का, डावा झकास हाय. ह्यो उजवाच लई ठणकून राहिलाय." पण अण्णांना सोंग कधी जमलंच नाही. चहा घ्यायला वळले आणि लंगडणं डाव्या पायात गेलं. आईने ते बघितलं. आता अण्णांची धडगत नाही, असं मला वाटलं.

आईने सुतळी चुलीत टाकली.

"आक्का, माझा पाला हरला. आता दोनी गुडघे तुमचे. ते बरे होईस्तोवर जायचं नाव काढू नका."

दोन गुडघ्यांना फडकं पुरेना, तेव्हा आत्याने बोचकं सोडलं आणि ज्या जुन्या लुगड्यात ते बांधलं होतं, तेच टर्रकन फाडलं.

दहा वर्षांनी लातूर जिल्ह्याचं ठिकाण झालं आणि अण्णांची तिकडे बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढलं. आत्या खालीच उभी. "लातुरात रुई भेटती का गं?"

"न भेटली तर लावू की. बसा आधी," आई म्हणाली.

आत्या वर जाऊन बसली. तिच्या मागोमाग अण्णा चढले, आठवणीने लंगडत.