आधी घरची टोपली

तलासरीजवळच्या पाड्यावरून निघालेला मी पदवीपर्यंत पोचलो, तो नलिनीबाईंमुळे. गेल्या महिन्यात बाई गेल्या. फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो आणि समोर माझ्या महिन्याच्या खर्चाची शीट उघडी होती... त्यांनीच शिकवलेली.

डहाणूच्या बाजारात त्यांचा कम्प्युटर क्लास होता. कॉलेज सांभाळून मी तिथे जायचो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मजुरीतून आई पाठवायची त्यात महिना भागत नव्हता. कॉलेज सोडून तारापूरला कंपनीत लागायचं, असं मी जवळजवळ ठरवलं होतं. त्याच सुमारास बाईंनी प्रत्येकाला स्वतःच्या खर्चाची शीट करायला सांगितली. माझ्या शीटमध्ये खोलीचं भाडं, बस, झेरॉक्स, बहिणीच्या वह्या आणि शेवटच्या ओळीत 'उरेल ते'. बेरीज चोख जुळलेली.

बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "हे 'उरेल ते' काय आहे रे?"

"जेवण, बाई."

"आणि नाही उरलं तर?"

"वडापाव."

"वडापाववाला काय तुझा मामा लागतो?" सगळा क्लास हसला. बाई हसल्या नाहीत.

चिखल्याला त्यांची चिकूची वाडी. तोड झाली की व्यापाऱ्याचा काटा लागायच्या आधी घरची टोपली बाजूला निघायची, असा त्यांच्या सासूबाईंचा दंडक होता. "आधी घरची टोपली," म्हणत त्यांनी माझं जेवण उचलून पहिल्या ओळीत नेलं आणि समोर खानावळीचा दर टाकला. तळाचा आकडा लाल झाला. माझे डोळे भरून आले.

"रडतोस काय? तूट आधीपण होती, तू उपाशी राहून झाकत होतास. आता दिसतेय, तर काहीतरी करू."

नव्या मुलांना टायपिंग शिकवायचं पगारी काम त्यांनी मला दिलं. कॉलेज सुटलं नाही.

अजूनही माझ्या शीटची पहिली ओळ जेवणाचीच असते. पहिल्या पगारानंतर बाईंना मेलवर पाठवलेलं पत्र परवा पुन्हा उघडलं...

"बाई, सा. न. शीट जोडली आहे, तपासा. जेवण पहिल्या ओळीत आहे, आईला पाठवलेले पैसे दुसऱ्या. 'उरेल ते' ही ओळ मी काढलेली नाही, पण या वेळी तिथे खरंच काही उरलंय. रविवारी चिंचणीहून ताजे बोंबील घेऊन तुमच्याकडे जेवायला येतो. ते कुठल्या ओळीत लिहायचे, तेवढं सांगा."