आई वाट पाहत होती, मला गाव माहीत होतं

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. पास्टरांपुढे नाही, संघटनेतल्या मैत्रिणींपुढे नाही, आणि गुडघे टेकल्यावर तर नाहीच — तिथं मी दुसऱ्यांचीच पापं वाचून दाखवत बसते. मालकाची, मुकादमाची, वनखात्याची. सवय झाली आहे. मी पत्रकं लिहिते. चंद्रपुरात कॉलेजला असताना मजुरांच्या संघटनेत गेले, तेव्हा पहिल्यांदा हेच शिकवलं गेलं — एक कागद, एक मागणी, आणि जबाबदार कोण त्याचं नाव सगळ्यात वर, ठळक. ‘कदाचित’ हा शब्द पत्रकात चालत नाही.

बरं. मग इथंही तसंच लिहिते. जबाबदार — मी.

पण एवढं लिहून भागतं का? नाव टाकणं सोपं आहे. पुढं काय केलं ते लिहायला बसले की पेन दुसरीकडेच पळतं. तरी थोडं मागून येते. ऐका.

आमचं गाव सिंदेवाहीच्या पुढे, धानाच्या पट्ट्यात. ख्रिस्ती घरं थोडी, टिनाच्या छपराचं एक प्रार्थनाघर. धान निघालं की गाव रिकामं होतं — मिरची तोडायला तेलंगणात. मी बारावीला होते त्या वर्षी बाबाही टोळीसोबत गेले. उन्हाळ्यात टोळी परतली, बाबा नाही. “तो तिथीच एका मालकाकडं थांबला, येते म्हने,” एवढंच टोळीतल्यांनी सांगितलं. फोन बंद. मुकादमानं खांदे उडवले. पोलिसांत अर्ज दिला, तर मोठा माणूस आहे, येईल म्हणाले.

आईनं मग अर्ज दुसरीकडे लावला. आमच्याकडे रविवारी उपदेशाआधी पास्टर विचारतात — कोणाची काही विनंती? म्हणजे ज्याला जे हवं ते त्यानं उभं राहून सांगायचं, सगळी मंडळी त्यासाठी प्रार्थना करते. आई उठायची. डोक्यावर पदर घ्यायची. “माह्या घरच्याइले देवानं परत आणावं.” बसायची. पुढच्या रविवारी पुन्हा. शुक्रवारी उपास. कोणाला ताप आला, कोणाला नोकरी लागायची असली, तर विनंत्या यायच्या आणि पूर्ण होऊन जायच्या; आईची तेवढी हटायची नाही.

शेजारची कौसाबाई टोमणा मारायची, “काऊन व शांता, तुह्या येसूले तेलंगणाचा रस्ता सापडत नाई का?”

“सापडते व. पायी येऊन राह्यला तो. तुह्या देवाइसारखं त्याच्यापाशी वाहन कुठी आहे?”

दोघी हसायच्या. मग कौसाबाईच घरची भाजी देऊन जायची. आई रडत बसणारी बाई नव्हती. तिला वाटायचं, देवाकडे मागितलं आहे, त्याच्या वेळेनं मिळेल. इतकं सरळ. आणि मीही — खोटं कशाला बोलू — मीही तेच मागत होते. चंद्रपूरच्या खोलीवर, अंथरुणात, तोंडावर पांघरूण घेऊन.

मग मी पदवीधर झाले, संघटनेचं काम पूर्ण वेळ धरलं. मिरचीला जाणाऱ्या मजुरांची पाहणी करायची ठरली. ते तिकडे कुठे झोपतात, पाणी काय पितात, ठरलेली मजुरी हातात किती पडते. मी हट्टानं नाव दिलं. बाबांसाठी दिलं का? हो. पण सापडतील असं खरंच वाटलं होतं का? नाही.

तेलंगणातल्या एका गावी रविवार पडला. सकाळी वाटलं, चर्चला जाऊन यावं. पांढरी भिंत, निळा दरवाजा. डावीकडे बाया, उजवीकडे माणसं, सगळे चटयांवर. तेलुगू मला येत नाही, पण गाण्याची चाल आमचीच होती, म्हणून मीही गुणगुणायला लागले. मान वर केली आणि समोर, माणसांच्या बाजूला — बाबा.

धुतलेला सदरा. मांडीवर एक लहान पोरगी झोपलेली. तिच्या पाठीवर हलकं थापटत ते डोळे मिटून गात होते. बायांच्या बाजूनं एका बाईनं पाण्याची बाटली पुढे सरकवली, त्यांनी न पाहताच घेतली. न पाहताच — घरातलीच माणसं अशी घेतात. विचारायला काय उरलं होतं?

बाहेर त्यांनी मला पाहिलं. ते माझ्याजवळ आले, चपला शोधल्यासारखं करत. आई कशी आहे, असं विचारलं नाही. “तुह्या मायले सांगजो नोको,” म्हणाले. मग पोरीकडे बोट करून, “लहान आहे व ते.” आणि मी — माईक हातात आला की सोडत नाही अशी माझी ख्याती — मी चपला पायात सरकवून रस्त्याला लागले.

बाबांचा राग आला. तो येणारच होता, त्यात विशेष काय? पण परतताना गाडीत मला जो राग चढला तो त्यांचा नव्हता. तुम्ही हिशेब करून पाहा. रविवारची सकाळ. इकडे टिनाच्या छपराखाली माझी आई पदर घेऊन म्हणते आहे, देवा, त्यांना शोध. आणि त्याच वेळी तिकडे तो माणूस देवाच्याच घरात, देवाच्याच समोर मांडी घालून बसला आहे. दर आठवड्याला! देवाला शोधायला कुठं जायचं होतं? हजेरीच लागत होती की. प्रभू, तुला माहीत होतं. तिचे इतके उपास तू जेवलास आणि गप्प राहिलास.

माझा विश्वास तेव्हाच गेला असता तर बरं झालं असतं. नसलेल्यावर रुसत नाही कोणी. पण माझा होता — अजूनही आहे — आणि म्हणूनच मी खिडकीला डोकं टेकून त्याला सांगितलं, मी नाही सांगणार. ती मला विचारत नाही, तुला विचारते. तूच सांग.

घरी आले. आईनं विचारलं, “काई पत्ता?” मी मान हलवली. नाही.

आईला धक्का बसेल म्हणून लपवलं, असं मी स्वतःला काही दिवस सांगून पाहिलं. चांगलं दिसणारं कारण होतं. पण ते खोटं आहे. मला देव खोटा पडताना बघायचा होता. जिल्हा कचेरीपुढे आम्ही जसं बेमुदत बसतो, तसं मी माझ्या आईला त्याच्या दारात धरण्याला बसवलं. तिला न विचारता. आणि मी स्वतः? मी चंद्रपूरला निघून गेले.

एवढंच असतं, तर कदाचित — हा शब्द आलाच शेवटी — कदाचित मी हे लिहिलंच नसतं. गप्प राहणारे पुष्कळ असतात. पण मी गप्प राहिले नाही. एकदा बोलले. तेच सांगायचं आहे, आणि त्याच्याभोवतीच मी मघापासून फिरून राहिले आहे.

वडशाचे माझे मामा. तिथल्या एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला बाई हवी होती. राहायला खोली, महिन्याचा पगार, दोन वेळचं जेवण. नाताळला सगळ्या मंडळीचा स्वयंपाक आई एकटी उचलायची. असल्या कामाला तिच्याहून चांगली बाई सापडली नसती. मामा मोटारसायकल घेऊन न्यायलाच आले. “शांते, किती दिस पाह्यशील बाप्पा? चाल आता. तिथी पोरी आहेत, मन गमते.” मी त्या दिवशी घरी होते. आई अंगणात चिंच फोडत होती. ती मामांना म्हणाली, “एस्तरले इचारतो.” आणि माझ्याकडे वळली.

“तू शिकलेली आहेस व माय. जाऊ का थांबू? ते आले आन घराले कुलूप दिसलं तं?”

तिला जायचं होतं. मला ते दिसलं. शेळ्या कौसाबाईकडे ठेवायचं बोलून ठेवलं होतं तिनं, बरी लुगडी धुऊन दोरीवर घातली होती. तिला फक्त माझ्या तोंडून ‘जा’ हवं होतं. कुलपाचा प्रश्न एका वाक्यात सुटला असता. आई, ते येणार नाहीत, मी पाहून आले. किंवा तेही नको — नुसतं ‘जा’ म्हटलं असतं तरी झालं असतं.

मी म्हणाले, “थांब. विश्वास आहे ना तुझा? मग थांब.”

का म्हणाले? कारण ती उठून गेली असती तर देव सुटला असता. विनंती मागे घेतल्यासारखं झालं असतं. धरण्यावर एखादी म्हातारी तापानं फणफणते, घरी जाते म्हणते, आणि आम्ही म्हणतो, बसा ना आजी, तुमच्यानं वजन पडते. तेच केलं मी. शब्दही तिच्याच श्रद्धेतून उचलला, म्हणजे तिला नाही म्हणता येऊ नये. पत्रक लिहिणाऱ्याला असे शब्द बरोबर सापडतात.

आईनं लुगडी काढून घडी करून ठेवली. मामा रागानं गाडी मारून निघून गेले, चहाही घेतला नाही. जागा दुसऱ्या कोणा बाईला मिळाली. आई लोकांच्या बांधीत धानाची रोपं रोवायला वाकत राहिली, पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्याही. आता ती जमिनीवरून उठताना आधी हात टेकते, मग एक गुडघा, मग कोणाचा तरी खांदा धरते. रविवारी विनंतीला उभी राहायची तीही तशीच.

आणि गेल्या हिवाळ्यात बाबा आले.

एसटीतून उतरले, हातात एक पिशवी. वाळलेले, खोकणारे. मालकानं अडकवून ठेवलं, मग आजार, मग फोन हरवला — असं काहीबाही सांगितलं. आईनं एक प्रश्न विचारला नाही, पाणी तापवायला ठेवलं. तिच्या डोक्यावरून बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं ते घाबरलेले असतील, विनवतील. नाही. त्या नजरेत आभार होते. आपल्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं त्यांनी.

रविवारी आईनं साक्ष दिली, म्हणजे देवानं काय केलं ते सगळ्या मंडळीपुढे सांगितलं. खांदा धरून उठली, पदर घेतला. प्रभूनं ऐकलं म्हणाली. उशीर केला पण ऐकलं. मग थांबून म्हणाली, “मी तं हरलो होतो. मले माह्या पोरीनं धीर देल्ला. तिचा इश्वास माह्याहून मोठा.” सगळी मंडळी माझ्याकडे वळली. कोणीतरी ‘हालेलुया’ म्हटलं. कौसाबाईसुद्धा दारात येऊन उभी होती, डोळे पुसत.

मी ‘आमेन’ म्हणाले. मोठ्यानं. माझा आवाज तसाही शेवटपर्यंत पोचतो.

देवानं मला फसवलं असं मला वाटतं. अजून वाटतं. उत्तर द्यायचं होतं तर सरळ द्यायचं. हे असं वापरून झालेलं, खोकत परत आलेलं उत्तर, तेही आई आनंदानं घेईल अशा बेतानं — म्हणजे तक्रार करायला मला जागाच ठेवली नाही. तुला माहीत होतं आणि तू गप्प राहिलास, हे मी त्याला कोणत्या तोंडानं म्हणणार? प्रार्थना करते मी. रोज करते. त्या वाक्यापाशी येते आणि अडते.

आईला मी काही सांगितलेलं नाही. ती त्यांच्यासाठी काढा उकळते, रात्रीच्या खोकल्याला उठते. सुखात आहे. हे वाचून कोणी तिला जाऊन सांगेल, की नाही सांगणार, ठाऊक नाही.

आणि ती निळ्या दरवाजाची जागा. बाबा तिकडून सांगून निघाले असतील असं मला वाटत नाही. सांगून निघणं त्यांना येत नाही. ती पोरगी आता शाळेत जात असेल. तिची आई दर रविवारी डोक्यावर पदर घेऊन उभी राहत असेल, तेलुगूत काही मागत असेल, आणि सगळे चटईवर डोळे मिटून तिच्यासाठी प्रार्थना करत असतील. तिचा माणूस कुठं आहे हे मला माहीत आहे. बल्लारशाहून गाडी, मग बस, मग ऑटो — रस्ताही माहीत आहे.

यंदाच्या पाहणीत ते गाव माझ्या वाट्याला आलं होतं. मी बदलून दुसरं मागून घेतलं.