कुलपातलं औषध

एदवीज थिबोडो कुणावरही विश्वास ठेवत नाही, हे आमच्या बिडफर्ड गावात शेंबडं पोरही सांगेल. खाटकाकडून आणलेलं मांस ती घरी येऊन पुन्हा तोलते. अंड्यांचा खोका दुकानातच उघडून एकेक अंडं हलवून बघते. चर्चमध्ये देणगीचं ताट फिरायला लागलं की सगळ्यांच्या माना खाली आणि हिची वर. मी तिच्या खालच्या मजल्यावर राहते. शाळेची बस चालवण्यात माझा जन्म गेला, तेव्हा बिलंदर माणसं मीही कमी बघितलेली नाहीत. पण ही बाई माझ्याकडून वाटीभर साखर घेतानाही बोटावर घेऊन चाखते. "लुसिल, मीठ नाही ना गं घातलंस?" असं वर तोंडावर विचारते.

तिची तरी काय चूक? उभी हयात बुटांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर गेली. तिथे नगावर मजुरी. पाणी प्यायला उठलं की शेजारीण हिच्या ढिगातले दोन जोड स्वतःच्या ढिगात ओढायची. नवरा आर्मां चांगला होता, तर तो आतड्याच्या कॅन्सरने गेला. आणि मुलगा नॉर्मंड. त्याचं काय सांगू! छपरावरून पडून पाठ मोडली, दुखण्याच्या गोळ्या लागल्या, आणि त्या गोळ्यांनी पोराला गिळलं. बाप शेवटच्या दुखण्यात तळमळत होता आणि त्याच्या वेदनेच्या औषधाच्या बाटलीत या नॉर्मंडने पाणी भरून ठेवलं होतं. औषध स्वतः प्यायला. आर्मां ओरडत ओरडत गेला. एदवीज त्याला चमच्याने पाणी पाजत होती आणि म्हणत होती, "आत्ता उतरेल हं, आत्ता उतरेल." हे तिला मागाहून कळलं. मला तर आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

नंतर नॉर्मंड तुरुंगात जाऊन आला, मग व्यसनमुक्ती केंद्रात, आणि गेल्या शरदात आईकडे राहायला आला. आता लाकडाच्या वखारीत कामाला जातो. आईने वरची खोली दिली, पण पर्स स्वयंपाकघरातून उचलून आपल्या गादीखाली नेली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, करणार काय?

तिचा विश्वास एकाच जिवावर होता, तिच्या बोक्यावर. पताट त्याचं नाव, म्हणजे बटाटा, आणि दिसायलाही तसाच. "हा एकटा खोटं बोलत नाही," असं ती म्हणायची. पताटला मधुमेह. सकाळ-संध्याकाळ तो जेवला की मानेच्या कातडीत इन्सुलिनची सुई. आमच्या एदवीजचे हात संधिवाताने वाकडे झालेत, पण ती सुई कधी चुकली नाही.

जानेवारीत पताटने खाणं टाकलं. ओकाऱ्या सुरू झाल्या. पाठीची कमान करून न्हाणीतल्या टबाखाली जाऊन बसला, पोटाला हात लावू देईना. आम्ही त्याला कपड्यांच्या टोपलीत घालून डॉक्टर प्रॅटकडे नेलं. ती तरुण बाई, पण बोलणं रोखठोक.

"स्वादुपिंडाला सूज आहे," ती म्हणाली. "मधुमेहाच्या मांजरांना होते. याला भयंकर दुखतंय."

"तो तर कुरकुरतही नाही," एदवीज म्हणाली.

"मांजर दुखणं लपवतं, बाई. दुखत असेल तर खाणार नाही, खाल्लं नाही तर तुमच्या इन्सुलिनचं गणित बिघडणार. म्हणून आधी दुखणं थांबवायचं. जेवला नाही तर सुई टोचण्याआधी मला फोन करायचा."

मी मध्येच म्हटलं, "माझ्या गुडघ्याची गोळी आहे, अर्धी देऊ का?"

"माणसांची ती गोळी मांजराला दिली तर मांजर मरतं," ती म्हणाली. उगाच भिंतीला तुंबड्या लावायला गेले.

मग तिने औषध भरून तोंडाला सील लावलेल्या, बिनसुईच्या बारीक पिचकाऱ्या काढल्या. औषध गालाच्या आत, हिरडीला लागून सोडायचं. नुसतं गिळलं तर फुकट. आणि पिचकाऱ्या हातात देण्याआधी तिने विचारलं, "घरात आणखी कोण राहतं? हे अफूच्या जातीचं आहे, म्हणून विचारावं लागतं."

एदवीजचं तोंड पांढरं पडलं. "मुलगा," ती म्हणाली. गाडीत बसल्यावर एवढंच बोलली, "लुसिल, पुन्हा तेच औषध माझ्या घरात आलं गं."

घरी येताच तिने नाताळच्या बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा रिकामा केला, त्याला कडी ठोकली आणि कुलूप घातलं. पिचकाऱ्या त्यात. फ्रिजमधली इन्सुलिनची बाटलीही त्यातच. म्हणाली, "नशा करणाऱ्याला बाटली दिसली की पुरे, कसली ते बघत नाही." डबा ठेवला मागच्या पडवीत. आमच्याकडे हिवाळ्यात बंद पडवी म्हणजे बिनभाड्याचा दुसरा फ्रिज. वाटाण्याच्या सूपचं पातेलं, डुकराचं मांस भरून भाजलेले पाव, सगळं तिथेच असतं. शिवाय पडवीचं दार तिच्या झोपायच्या खोलीतून. किल्ली गळ्यात, आणि झोपताना उशाखाली.

तरी पताट सुधारेना. पहिल्या दिवशी औषध दिल्यावर बुबुळं मोठी झाली, घुरघुरला, चार घास खाल्ले. मग थंडीची लाट आली आणि बोका पुन्हा टबाखाली. वाडगं तिथे सरकवलं की जेमतेम दोन घास खायचा, एवढंच. कानाला टोचून रक्त बघावं तर साखर चढतीच. तो पाण्याच्या वाडग्यावरून उठेना. एदवीज सुई टोचत होती, पिचकारी देत होती, आणि फरक काडीचा नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती माझ्याकडे खाली आली, दार लावून घेतलं आणि कुजबुजली, "त्यात पाणी आहे."

"कशात?"

"पिचकाऱ्यांत. आर्मांच्या वेळी असंच झालं होतं. मी देत होते आणि उतरत नव्हतं."

"अगं, पण कुलूप? किल्ली?"

"त्याने तुरुंगात काय भजनं म्हटली का? कुलूप उघडायला शिकला असेल."

खोटं कशाला सांगू, माझंही मन फिरलं. कारण नॉर्मंडचं वागणं मीही खिडकीतून बघत होते. वखारीतून आला की वर जायचंच नाही. गल्लीत ट्रक उभा करायचा, इंजिन चालू ठेवायचं आणि आतच बसून राहायचं. आईच्या खोलीतला दिवा मालवला की मग चोरासारखा जिना चढायचा. कधी कधी लाल टोपीवाला एक माणूस येऊन ट्रकमध्ये त्याच्या शेजारी बसायचा आणि निघून जायचा. एकदा मी मुद्दाम कचरा टाकायला बाहेर गेले.

"काय रे, आई वर जेवायची थांबलीय ना?"

"जातो, मावशी," तो म्हणाला आणि काच वर केली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं मी तेव्हा पुटपुटले. त्याला ऐकूही गेलं असेल.

शनिवारी पताट उभाच राहीना. आम्ही पुन्हा टोपली उचलली. एदवीजने डबाही बरोबर घेतला, कुलपासकट, मांडीवर. पुरावा म्हणून! आणि वखारीत फोन करून मुलाला म्हणाली, "दवाखान्यात ये. आत्ताच्या आत्ता." तो आला तेव्हा अंगावर लाकडाचा भुसा तसाच होता.

डॉक्टर प्रॅटने पताटला आत नेऊन सलाईन लावलं आणि बाहेर आली. "साखर आकाशाला भिडलीय. औषध नीट देताय ना? खरं सांगा."

"मी देतेय," एदवीज म्हणाली. "पण औषध कुठे आहे? यात पाणी आहे. माझ्या मुलाने भरलंय. बापाचं प्याला, आता मांजराचं पितोय!"

दवाखान्यात कुत्री घेऊन आलेली माणसं होती, सगळ्यांच्या माना वळल्या. नॉर्मंडचे कान लाल झाले. तो डब्यापासून दोन पावलं मागे सरकून भिंतीला टेकला, तेही माझ्या नजरेतून सुटलं नाही. मी म्हटलं, बघा, चोराच्या मनात चांदणं.

डॉक्टरने डबा उघडायला लावला. हात आत घातला आणि झटकन बाहेर काढला. इन्सुलिनची बाटली उजेडात धरली. आत बर्फ होतं.

"हे कुठे ठेवता तुम्ही?"

"पडवीत. कुलपात."

"या थंडीत? बाहेर काय गारठा आहे, कळतंय ना! मग सुईत कसं भरत होता?"

"मुठीत धरून पातळ करत होते," एदवीज म्हणाली. "सूप गोठतं, वितळलं की सूपच असतं."

"इन्सुलिन सूप नाही, बाई. एकदा गोठलं की मेलं. तुम्ही याला पाणीच टोचत होता. पिचकाऱ्यांतलं औषधही असं गोठवून वितळवलेलं मी वापरू देणार नाही." तिने एक पिचकारी काचेच्या पट्टीवर रिकामी करून न्याहाळली, पिचकाऱ्यांची तोंडं तपासली, सीलं बघितली. ती तरी कुठे कमी संशयी! शेवटी म्हणाली, "यांना कुणी हात लावलेला नाही. सीलं माझीच आहेत."

एदवीज खुर्चीत बसली ती बसलीच. एवढं ताठरलेलं मी तिला कधी बघितलं नव्हतं आणि एवढं लहानही. पताटला त्यांनी दोन दिवसांसाठी ठेवून घेतलं. वाचेल असं म्हणाले, पण वेळेत आणलंत हेही म्हणाले.

बाहेर येते तर माझ्या गाडीची बॅटरी गारठून गेलेली. झक मारत तिघं नॉर्मंडच्या ट्रकमध्ये, एका बाकड्यावर, मी मध्ये. पायाशी घोंगडी, थर्मास, अर्धवट खाल्लेलं सँडविच. रस्त्यात माझ्याच्याने राहवलं नाही.

"अरे, तू संध्याकाळभर इथे बसून करतोस तरी काय?"

त्याने पुलावर ट्रक चढवला. मग म्हणाला, "घरात ते औषध आहे, मावशी. डब्याचं झाकण वाजलं की मला वर ऐकू येतं. आई किल्ली उशाखाली घेऊन झोपली की मग मी वर जातो. तोवर इथे बसतो. फारच झालं की रॉस्कोला बोलावतो."

"लाल टोपीवाला?"

"आमच्या व्यसनमुक्तीच्या मंडळातला आहे. त्याचं सुटलंय."

माझी मान खाली गेली. एदवीज खिडकीबाहेर बघत होती. मग काचेकडेच तोंड ठेवून म्हणाली, "मी तुझ्यावर आळ घेतला. चारचौघांत."

"आळ कसला, आई. मागच्या वेळी खरंच होतं ते."

"या वेळी नव्हतं."

"या वेळीही होऊ शकलं असतं. रोज होऊ शकतं." त्याचा आवाज फाटला. "तू ते कुलूप लावलंस तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं! तू संशय सोडू नकोस. फक्त पाठीमागे घेऊ नकोस. मला विचार. तोंडावर विचार."

घर आल्यावर जिना चढताना तिने त्याचा दंड धरला, आणि एरवी ती कठड्याशिवाय कशाचाच आधार घेत नाही.

पताट घरी आला. नवं इन्सुलिन फ्रिजच्या दारात गेलं, पिचकाऱ्या कुलपात, पण आतल्या कपाटात, उबेला. पहिल्या संध्याकाळी मी वर होते. एदवीजच्या वाकड्या बोटांना पताटचा गाल काही उघडेना. ती म्हणाली, "नॉर्मंड, तू दे."

"मी पिचकारीला हात लावणार नाही. त्याला धरतो."

त्याने पताटला छातीशी धरलं आणि तोंड भिंतीकडे वळवून डोळे घट्ट मिटले. आईने औषध हिरडीला सोडलं, रिकामी पिचकारी कुलपात टाकली आणि किल्ली गळ्यात घातली. थोड्या वेळाने बोका खाली उतरला आणि वाडग्यात तोंड घालून मचमच खायला लागला. आम्ही तिघं नुसते बघत राहिलो. मग एदवीजने बीन्सचं भांडं टेबलावर आणलं. नॉर्मंड अजून दाराशीच घुटमळत होता. तिने वाढायचा चमचा हातात घेतला आणि त्याच्या डोळ्यांत डोळे घालून विचारलं, "घेतलंस का?"

"नाही, आई."

"मग बस. जेव."