मालूचा पाय आणि सासूचं पथ्य

चेंदणी कोळीवाड्यातली मालू म्हणजे तोंडाने तिखट आणि मनाने लोणी. उजव्या पायाने विळीचा पाट दाबून ती पापलेट अशी कापायची, की गिऱ्हाईक मासळी सोडून तिचे हात बघत राही. आणि मेला टेम्पो चढला तो नेमका त्याच पायावर. सत्त्याऐंशी सालची गोष्ट. नडगीचं हाड उघडं पडलं. डॉक्टरीणबाईंनी पोटरीचं मांस फिरवून हाडावर बसवलं आणि वरून मांडीची कातडी लावली. "हे धरलं तर पाय राहील," त्या म्हणाल्या.

घरी सासूने, चंद्रभागाने, सगळं हातात घेतलं. मासळीने जखम चिघळते, असं तिचं पक्कं मत. मग काय, कोळ्याच्या घरात दोन्ही वेळ पेज नि मुगाचं वरण.

"आये, मी कोळीण का उपासाची म्हातारी?" मालू चिडवायची. पण खायची बापडी.

जखम काही भरेना, कडेची कातडी सुटायला लागली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "खाता काय?" उत्तर ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, मासे खा, अंडी खा. अंगात ताकद नाही तर जखम भरणार कशाने?"

चंद्रभागाचं तोंड एवढंसं झालं. त्या दिवशी तिने बोंबलाचं कालवण केलं, मालूला वाढलं आणि स्वतः पेज घेऊन बसली. "माज्या येडेपणानं तुजा पाय जात होता. तू बाजारात बसशील तवा मी मासळी खाईन."

पाय वाचला. मालू दाराची चौकट धरून टाच उचलायला शिकली, चालायलाही लागली. पण पोटरीत पूर्वीचा जोर नव्हता, घोटा वाकेना, पाट दबेना. पूर्वीसारखं कापता येईल तेव्हाच बाजारात बसेन, असा तिचा ताठा. हसं कोण करून घेणार? इकडे सासू पेजेवर वाळत चालली. मालूला राग यायचा आणि मायेने जीवही तुटायचा.

शेवटी एका सकाळी तिने पाटी उचलली. बाजारात उजवा पाय लांब पसरला, पाट डाव्या पायाखाली घेतला आणि कापायला बसली. तुकडे वेडेवाकडे पडले, बायका हसल्या. हसू देत.

दुपारी त्यातलेच तुकडे तिने सासूला तळून वाढले.

"वाकडं कापलंस गो," चंद्रभागा म्हणाली, आणि डोळे पुसत तिने ताट पुढे ओढलं.