शनिवारचं पेट्रोल

मी फार भाविक आहे असा संशय आमच्या ऑफिसला आला, तेव्हा मला आधी हसूच फुटलं. मग मार्चचा पगार आठवला आणि ते आपोआप आवरलं.

नगरच्या एमआयडीसीत वजनकाटे बनवणाऱ्या एका कंपनीत मी दुरुस्तीचं काम करतो. काटा बिघडला की दुकानदार फोन करतो आणि मी मोटारसायकलला किक मारतो. कधी कोपरगावकडे साखर कारखान्यावर, कधी कुठल्या आडत दुकानात. या फिरण्यासाठी पगारात प्रवासभत्ता मिळतो. त्यातला जेवढा पैसा खरोखर कामाच्या प्रवासावर गेला, तेवढ्यावर आयकर लागत नाही. फक्त कुठे गेलात आणि कशाला, हे वर्षाअखेरीस पटवून द्यावं लागतं. माझ्या पेट्रोलच्या पावत्यांत शिंगणापूर सारखं डोकावत होतं, आणि तेही जवळजवळ दर शनिवारी.

यात माझा काय दोष? तिथले काटे शनिवारीच बिघडतात. आठवडाभर ते सुखात असतात. शनिवारी गर्दी उसळली की दुकानदार एका हाताने तेलाच्या बाटल्या देतो आणि त्याच हाताने पेढे तोलतो. तेल बटणांवर, बटणांवरून आत. मग काटा रिकामा असतानाच पावशेर दाखवायला लागतो आणि मला बोलावणं येतं. मी रस्त्याकडे पाठ करून बसतो, मागून माणसांचा पूर वाहत असतो, आणि काटा जोडून झाला की मी तसाच घरी येतो. दर्शनाच्या रांगेत मी कधी उभा राहिलो नव्हतो.

घरी मात्र वेगळीच हवा होती. मला साडेसाती लागल्याचं एका ज्योतिषाने आईला सांगितलं होतं आणि तेव्हापासून तिची झोप उडाली होती. मला यायला जरा उशीर झाला की ती गॅलरीत उभी. अशात एका शनिवारी मी नुसतं "शिंगणापूरला चाललोय" म्हणालो. तिचा चेहरा असा काही उजळला, की काट्याचं पुढचं वाक्य मी गिळून टाकलं. पुढच्या शनिवारी न सांगता डबा तयार होता. हळूहळू ती पूर्वीसारखी गाढ झोपायला लागली, घोरायलाही लागली. ते घोरणं मला फार आवडायचं.

आमच्या अकाउंट्सच्या मॅडम आमच्याच गल्लीत राहतात. त्यांनी माझ्या पावत्या दोन ढिगांत वाटल्या आणि शिंगणापूरचा ढीग माझ्याकडे सरकवला.

"हे नाही धरता येणार. देवदर्शनाला करात सूट नाही."

"मॅडम, मी कामाला जातो."

"काकू तर अख्ख्या गल्लीला सांगतात. मुलगा एक शनिवार चुकवत नाही, इतकं कोण करतं आजकाल, म्हणून."

माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला आईइतकी भरवशाची साक्षीदार कुठून मिळणार? दुकानदारांच्या सह्यांचे सर्व्हिस रिपोर्ट माझ्या बॅगेतच होते. ते काढले असते तर प्रश्न मिटला असता. पण मॅडम सरळ बाई. संध्याकाळी भाजी घेताना त्या आईला म्हणाल्याच असत्या, काकू, तुमचा गैरसमज झालाय, तो दर्शनाला नाही, दुरुस्तीला जातो. आणि आई पुन्हा गॅलरीत. मी सोमवारपर्यंत मुदत मागितली आणि घरी आलो. दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

आई मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिने मान वर केली नाही. मला वाटलं, आता रडणार.

"म्हणजे एकदाही दर्शन घेतलं नाहीस?"

"नाही."

"मग करतोस काय तिथे?"

"काटे नीट करतो."

"कमी तोलत असला तर?"

"बरोबर तोलायला लावतो."

"तिथेच? त्याच्या दारात?"

"हो. एकदा एक दुकानदार म्हणाला होता, सायब, काटा लईच खरं बोलतुया, जरा कमी बोलू द्या की. मी म्हटलं, ते जमायचं नाही."

आईने मेथीची जुडी खाली ठेवली. "शनिमहाराज न्यायाचा देव आहे," ती म्हणाली. "तेल काय, सगळेच वाहतात. त्याच्या दारात बसून खोटं माप खरं करतो, त्याला कसली रे साडेसाती?"

एवढं बोलून ती पुन्हा मेथी निवडायला लागली. त्या रात्री ती रोजच्याहून जोरात घोरली.

सोमवारी मी रिपोर्ट घेऊन गेलो, तर मॅडम आधीच हसत होत्या. आई रविवारीच त्यांच्या घरी जाऊन आली होती. "काकू म्हणाल्या, माझा मुलगा तिथे नोकरी करायला जात नाही, देवाचंच काम करतो. आता मी कुठल्या ढिगात ठेवू?"

मी कपाळाला हात लावला. मॅडमनी रिपोर्ट एकेक करून पाहिले, सह्या ताडल्या आणि दोन्ही ढीग एक केले. हे सर्व प्रवास केवळ कंपनीच्या कामासाठी केले, असं खाली लिहून द्यायला सांगितलं. ते अक्षरशः खरं होतं. मी सही केली आणि पगार वाचला.

पुढच्या शनिवारी पुन्हा बोलावणं आलं. त्याच दुकानदाराचा काटा, तेच तेल. काम उरकलं, रिपोर्टवर सही घेतली, बॅग त्याच्याच दुकानात ठेवली. मला काही मागायचं नव्हतं. आई गल्लीभर जे सांगत फिरली होती, ते एकदा तरी खरं व्हावं असं वाटलं. तेलाची बाटली घेतली आणि रांगेत जाऊन उभा राहिलो. ऊन कडक होतं, रांग लांब होती, आणि मला अजिबात घाई नव्हती.

त्या शनिवारची पेट्रोलची पावती मी ऑफिसला दिली नाही.